नाकाबंदीवरचा जमादार

सातारा जिल्ह्यात जावळी तालुका आहे. डोंगराळ मुलूख, पाऊस फार आणि जमीन थोडी. खाचरात भात, डोंगरउतारावर नाचणी. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून जावळीची माणसे पिढ्यान् पिढ्या दोन वाटांनी बाहेर पडत आली. एक वाट मुंबईची, दुसरी पलटणीची. याच तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम गोपाळ ओंबळे दोन्ही वाटांनी गेले. आधी पलटण, मग मुंबई.

पलटणीत ते सिग्नल खात्यात होते. या खात्याचे काम निरोप पोचवण्याचे. तारेने म्हणा, बिनतारी यंत्राने म्हणा, एका ठिकाणचा हुकूम दुसऱ्या ठिकाणी बिनचूक गेला पाहिजे. निरोपात एक शब्द चुकला तर माणसे मरतात. तिथे नाईक या हुद्द्यापर्यंत चढून ते निवृत्त झाले. दुसरा कोणी म्हणाला असता, झाली नोकरी, आता गावी जाऊन बसू. ओंबळे 1991 साली मुंबई पोलिसांत भरती झाले, आणि तेही शिपाई म्हणून, म्हणजे अगदी खालच्या पायरीपासून.

पोलिसांच्या पायऱ्या आपल्याला माहीत असाव्यात. सगळ्यांत खाली शिपाई. मग हवालदार. त्याच्यावर साहाय्यक फौजदार. जुनी माणसे याला जमादार म्हणत. त्याच्यावर फौजदार, आणि मग पुढचे मोठे साहेब. ओंबळे साहाय्यक फौजदार झाले. सतरा वर्षे त्यांनी पोलिसांत काढली. त्यांचे नाव वर्तमानपत्रात झळकावे असे काही त्यात नव्हते. रात्रपाळी, बंदोबस्त, गणपती, मोर्चे, नाकाबंदी. घरी बायको आणि चार मुली. मुंबईतल्या हजारो पोलिसांचे असते तसेच हे आयुष्य.

पोलीस म्हटले की आपल्याकडे माणूस जरा बिचकतोच. त्याला कारणेही आहेत, ती खोटी नाहीत. पण रात्री आपण झोपतो तेव्हा कोणीतरी रस्त्यावर उभा असतो, हेही खरे आहे.

आता 2008 सालच्या नोव्हेंबर महिन्यातली 26 तारीख पाहू.

त्या रात्री दहा माणसे समुद्रातून मुंबईत आली. ती पाकिस्तानातून, कराचीहून निघाली होती. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ नावाची मासेमारीची बोट पळवली, तिच्यावरच्या माणसांना ठार केले, आणि शेवटी रबरी होडीतून कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीला लागली. प्रत्येकाकडे बंदूक होती, हातबॉम्ब होते. दोघादोघांच्या जोड्या करून ती शहरात पांगली.

त्यांतली एक जोडी बोरीबंदरला गेली. तेव्हाचे सरकारी नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस. तुम्ही मुंबईला गेला असाल तर तिथली गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. गावाकडे जाणारी माणसे गाडीची वाट पाहत बोचक्यांवर टेकलेली असतात. त्या गरीब माणसांवर या दोघांनी गोळ्या झाडल्या. पन्नासाहून जास्त माणसे तिथे मेली. मग दोघे कामा रुग्णालयाकडे गेले. तिथल्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी त्यांच्या गोळ्यांनी पडले. दोघांनी पोलिसांचीच गाडी घेतली. त्या गाडीत मागे एक जखमी शिपाई जिवंत होता. ती गाडी फार चालेना, तेव्हा दुसरी मोटार हिसकावली आणि समुद्राच्या कडेने गिरगाव चौपाटीकडे निघाले. जखमी शिपायाने वायरलेस हातात घेऊन खबर दिली.

चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पोलिसांनी नाकाबंदी केली होती. नाकाबंदी म्हणजे काय? रस्त्यावर लोखंडी अडथळे असे आडवेतिडवे ठेवतात की मोटारीला वेग घेता येऊ नये. मग पोलीस आत डोकावतो, दिवे बंद करायला सांगतो, कागद मागतो. शंभर गाड्यांत काही सापडत नाही. शंभर वेळा लोक कुरकुरतात. पोलिसाने एकशेएकावी गाडीही तितक्याच नजरेने पाहायची असते. कंटाळा आणणारे काम आहे हे.

ओंबळे त्या नाकाबंदीवर होते. हातात लाठी.

मध्यरात्र उलटली होती, म्हणजे तारीख 27 लागली होती. मोटार आली आणि अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली. मग चालकाने ती वळवून पळायचा बेत केला. गाडी दुभाजकाला भिडून अडकली. पोलीस धावले. गोळीबार झाला. चालवणारा इस्माईल पोलिसांच्या गोळ्या लागून पडला. दुसरा, अजमल कसाब, बाहेर आला. त्याच्या हातात एके-47 बंदूक होती.

ही बंदूक आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीसारखी नाही. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. एका मॅगझिनमध्ये तीस गोळ्या असतात आणि त्या काही क्षणांत संपतात. असल्या बंदुकीपुढे लाठी घेऊन उभे राहायचे म्हणजे काय, हे सांगायला नको.

ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी धरली. कसाबने चाप दाबला. गोळ्या ओंबळ्यांच्या पोटात शिरल्या. त्यांनी नळी सोडली नाही. बंदुकीचे तोंड त्यांच्या अंगाला लागलेले, म्हणून बाकीच्यांकडे गोळ्या फारशा गेल्या नाहीत. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर जखमी झाले, पण वाचले. तेवढ्या अवधीत इतर पोलीस लाठ्या घेऊन कसाबवर तुटून पडले आणि त्याला जिवंत पकडले. ओंबळे वाचले नाहीत.

जिवंत पकडले यात एवढे मोठे काय, असे कोणी विचारील. दहांपैकी नऊजण मारले गेले. मेलेला माणूस बोलत नाही. शिवाय या लोकांकडे खोटी ओळखपत्रे होती, त्यांवर हैदराबादच्या कॉलेजचे विद्यार्थी असे लिहिलेले. दहाही मेले असते तर कोण, कुठले, कोणी पाठवले, यावर वर्षानुवर्षे वाद चालला असता. कदाचित आपल्यातलीच माणसे एकमेकांवर संशय घेत बसली असती. कसाब हाती लागला म्हणून धागा सापडला. तो पाकिस्तानातल्या पंजाबचा, फरीदकोट गावचा. पाकिस्तान सरकारने आधी कानावर हात ठेवले. 2009 च्या जानेवारीत तो आपलाच नागरिक असल्याचे त्याला कबूल करावे लागले.

कसाबवर रीतसर खटला चालला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातच खास न्यायालय बसवले. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला. काहींना हे पटले नाही. 166 माणसे मारणाऱ्यांतल्या एकाला वकील कशाला, असे ते म्हणत. पण पुरावा तपासल्याशिवाय शिक्षा नाही, हा कायदा सगळ्यांना सारखा. सहाशेंहून जास्त साक्षी झाल्या. 2010 च्या मे महिन्यात कसाबला फाशीची शिक्षा ठोठावली. त्याच न्यायालयाने, त्याच निकालात, त्याच्याबरोबरच्या दोन भारतीय आरोपींना पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडून दिले. पुढे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय झाले, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात कसाबला फाशी दिले.

ओंबळे यांना 26 जानेवारी 2009 रोजी अशोकचक्र मिळाले. लढाई चालू नसताना दाखवलेल्या शौर्याचा हा आपल्या देशातला सर्वांत मोठा मान. तो त्यांच्या पत्नीने दिल्लीला जाऊन घेतला. देणाऱ्या राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील, आपल्या खानदेशच्या.

गिरगाव चौपाटीला त्यांचा पुतळा उभा आहे. केडंबे गावी स्मारक बांधण्यासाठी राज्य सरकारने 2025 साली पैसे मंजूर केले. आणि एक नवलाची गोष्ट. 2021 साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी तुकारामांचे नाव दिले. इसियस तुकारामी. हा कोळी जाळे विणून वाट पाहत बसत नाही. भक्ष्य दिसले की सरळ उडी घेऊन ते धरतो.