मेण पांघरलेली अळी

पावसाळा सरत आला की पुरंदरच्या सीताफळ बागांत फळांच्या डोळ्यांमधल्या खाचांत पांढरा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, दाटीने बसलेला सापडतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांची ये-जा चालू असते आणि मिलीबगजवळ फिरकणाऱ्या किड्यावर त्या तुटून पडतात. भिंग लावून बघत राहिलं तर त्या गर्दीतला एखादा पांढरा जीव बराच मोठा आणि भराभर चालणारा निघतो. ही क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी. मिलीबग हेच तिचं खाणं.

तिच्या अंगभर मेणाचे लांब, लवचीक धागे असतात. बारीक कुंचल्याने मी ते हलकेच बाजूला सारले, तर मेण कुंचल्याला चिकटून आलं आणि खालचं फिकट, मऊ अंग उघडं पडलं. जवळच्याच दुसऱ्या अळीपाशी एक मुंगी आली. तिने मिशांनी चाचपलं, जबडा लावला, तोंडात नुसतं मेण आलं. मागे सरून ती बराच वेळ मिशा पुसत राहिली. अळी तोवर मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यात डोकं खुपसून होती.

हे मिलीबगचं सोंग आहे असं सहज म्हटलं जातं. मला ते आधी चिलखत वाटतं, कारण मुंगीचा भरवसा नजरेपेक्षा वासावर आणि स्पर्शावर. याच कुळातल्या स्किम्नस अळ्यांचं मेण प्रयोगात काढून टाकलं, तेव्हा मुंग्यांचे हल्ले वाढले. कात टाकताना मेणही जुन्या कातडीबरोबर जातं. नवं येईपर्यंतचा काळ अळीला सगळ्यात धोक्याचा.

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. आता द्राक्ष, पेरू, सीताफळावरच्या मिलीबगसाठी तो मुद्दाम सोडतात. प्रौढ भुंगेरा जेमतेम ४ मिलिमीटरचा, काळा, डोक्याकडे नारिंगी, म्हणून ओळखू येतो. अळी १३ मिलिमीटरपर्यंत वाढते, तरी मिलीबग समजून तिच्यावरच फवारा मारला जातो. मुंगीला थोपवणारं मेण कीटकनाशकापुढे टिकत नाही.

बागायतदारांनो, पंप पाठीवर घेण्याआधी चार फळं हातात घेऊन नीट बघा. लांब झालरीचा, चपळ पांढरा किडा दिसला तर त्या झाडावर फवारणी करू नका. खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करा, मिलीबगचं ती अळी बघून घेईल.