बेडकाच्या भ्रूणाला वेळ कशी कळते?

नेट-सेटची तयारी करताना डेव्हलपमेंटल बायॉलॉजीच्या नोट्समध्ये एक ओळ हमखास भेटते: झेनोपसमध्ये बारा विभाजनांनंतर 'मिडब्लास्टुला ट्रान्झिशन' होतं आणि भ्रूणाची स्वतःची जनुकं चालू होतात. ओळ पाठ होते, परीक्षेत मार्कही मिळतात. पण तुम्हाला पुढे रिसर्चला यायचं असेल, तर या ओळीवर थोडं अडखळायला हवं. बारा विभाजनं झाली हे भ्रूणाला सांगतं कोण? त्याच्याकडे ना घड्याळ, ना मोजायला बोटं.

आधी थोडी पार्श्वभूमी. झेनोपस लीव्हिस हा आफ्रिकेतला, पायाला नख्या असलेला बेडूक. त्याचं अंडं साधारण १.२ मिलिमीटरचं, म्हणजे साध्या डोळ्यांनी सहज दिसणारं. २२-२३ अंश सेल्सिअसला फलनानंतर सुमारे ९० मिनिटांनी पहिलं विभाजन होतं. पुढची अकरा विभाजनं साधारण दर अर्ध्या तासाला, सगळ्या पेशींमध्ये जवळपास एकाच वेळी होतात. हिशोब करून बघा: ९० मिनिटं अधिक ११ गुणिले ३०, म्हणजे ४२० मिनिटं, सात तास. पेशी किती? दोनाचा बारावा घात, ४,०९६. पुस्तकातला '४,००० पेशी' हा आकडा इथून येतो.

या काळात भ्रूण वाढत नाही. कणकेचा एकच गोळा घेऊन त्याचे निम्मे-निम्मे तुकडे करत जावं, तसं तेच पेशीद्रव वाटलं जातं. डीएनए मात्र प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. मग प्रथिनं कुठून येतात? आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीतून, म्हणजे मातृक एमआरएनए आणि प्रथिनांतून. अल्फा-अ‍ॅमानिटिन देऊन भ्रूणाचं लिप्यंकन बंद पाडलं तरी ही सुरुवातीची विभाजनं होत राहतात. गॅस्ट्रुलेशन मात्र जमत नाही. थोडक्यात, शिदोरी तिथपर्यंतच पुरते. त्याआधी स्वतःची जनुकं चालू झाली नाहीत तर पुढचा रस्ता बंद. म्हणून 'कधी' हा प्रश्न महत्त्वाचा.

आता मुख्य मुद्दा. भ्रूण नक्की काय मोजतं? तीन शक्यता धरू.

एक, फलनानंतर गेलेला वेळ. दोन, झालेल्या विभाजनांची किंवा डीएनए दुप्पट होण्याच्या फेऱ्यांची संख्या. तीन, केंद्रकातला ऐवज आणि पेशीद्रव यांचं गुणोत्तर.

अडचण अशी की नेहमीच्या भ्रूणात या तिन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. सात तास झाले की बारा विभाजनं झालेली असतात आणि गुणोत्तरही ४,००० पटीच्या आसपास गेलेलं असतं. हजार निरोगी भ्रूणं नीट बघितली तरी यातलं खरं कारण कोणतं हे कळणार नाही. निरीक्षण कितीही काटेकोर असो, एकत्र बदलणाऱ्या गोष्टी ते वेगळ्या करू शकत नाही. त्यासाठी त्यांची फारकत करणारा प्रयोग लागतो.

जॉन न्यूपोर्ट आणि मार्क कर्शनर यांनी १९८२ साली 'सेल' या नियतकालिकात लागोपाठ दोन पेपर लिहिले, त्यांत नेमकं हेच केलं. सायटोकॅलासिन देऊन त्यांनी पेशींचं तुकडे होणं थांबवलं. केंद्रकं मात्र आतल्या आत वाढत राहिली. लिप्यंकन तरीही वेळेवर सुरू झालं. म्हणजे पेशींची संख्या मोजली जात नाही.

मग त्यांनी अंडं मधोमध आवळलं, असं की सुरुवातीला केंद्रक एकाच बाजूला राहील आणि दुसऱ्या बाजूला ते उशिरा पोहोचेल. दोन्ही बाजूंचं वय सारखंच, पण उशिरा केंद्रक मिळालेल्या बाजूत बदलही उशिरा झाला. म्हणजे घड्याळही बाद.

तिसरा प्रयोग: एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरले तर सुरुवातच जास्त केंद्रकांनी होते. अशा अंड्यांत बदल लवकर झाला. फेऱ्या मोजल्या जात असत्या तर त्याच संख्येपर्यंत थांबावं लागलं असतं. गुणोत्तर मोजलं जात असेल तर केंद्रकं चौपट असताना दोन फेऱ्या आधीच उंबरठा यायला हवा. निकाल गुणोत्तराच्या बाजूने लागला.

दुसऱ्या पेपरमधला प्रयोग तर मला सगळ्यात आवडतो. यीस्टचं एक टीआरएनए जनुक प्लास्मिडवर घालून त्यांनी अंड्यात टोचलं. ते आधी थोडा वेळ चाललं, मग गप्प झालं आणि मिडब्लास्टुलाला पुन्हा चालू झालं. पण सोबत सुमारे २४ नॅनोग्रॅम जादा डीएनए टोचला, तर ते वेळेआधीच चालू झालं. २४ का? झेनोपसच्या एका केंद्रकात साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. गुणिले ४,०००, म्हणजे २४ नॅनोग्रॅम! ४,००० पेशींचा डीएनए आयता दिला, तर भ्रूणाला वाटलं आपण तिथे पोहोचलो.

यावरून त्यांनी मांडलेली कल्पना अशी: अंड्यात लिप्यंकन दाबून धरणारा एक पदार्थ ठरावीक प्रमाणात असतो. डीएनए वाढत जातो तसा तो वाटला जातो, आणि संपला की जनुकं मोकळी होतात. लॅबमधल्या टायट्रेशनसारखंच. पण लक्षात घ्या, 'गुणोत्तर' हे फक्त परिमाण आहे. ते एखाद्या रेणूमार्फतच काम करणार. तो रेणू कोणता, याच्या उत्तराला बराच काळ लागला. २०१३ साली कोलार्ट आणि सहकाऱ्यांनी डीएनए प्रतिकृतीसाठी लागणारे चार घटक मर्यादित पडतात हे दाखवलं: कट५, रेक्यू४, ट्रेसलिन आणि डीआरएफ१. २०१५ साली अमोडिओ आणि सहकाऱ्यांनी अंड्यांच्या अर्कातून दाबणारा घटक शुद्ध करत नेला, तेव्हा हाती लागले हिस्टोन एच३ आणि एच४. अर्कात ते कमी केले तर कमी डीएनएवर लिप्यंकन सुरू होतं, वाढवले तर जास्त डीएनए लागतो. भ्रूणात एच३ कमी केलं तरी लिप्यंकन लवकर सुरू झालं. तेव्हा 'तो एक पदार्थ' कदाचित एक नाहीच. अनेक घटक एकाच वेळी पातळ होत जातात आणि बदलाचे वेगवेगळे भाग सांभाळतात.

आता त्या पाठ केलेल्या ओळीत दोन दुरुस्त्या.

पहिली: सगळी जनुकं एकदम चालू होत नाहीत. एक्सएनआर५ आणि एक्सएनआर६ ही नोडल गटातली जनुकं २५६ पेशींच्या टप्प्यालाच चालू झालेली दिसतात, म्हणजे आठव्या विभाजनानंतर. त्यांना चालना देतात आईकडून आलेलं व्हेगटी आणि बीटा-कॅटेनिन.

दुसरी: सगळ्या पेशीही एकदम जाग्या होत नाहीत. २०१९ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी नव्याने बनणारा आरएनए रंगवून दाखवलं की वरच्या, अ‍ॅनिमल बाजूच्या लहान पेशी आधी सुरू होतात आणि खालच्या, पिवळक भरलेल्या मोठ्या पेशी नंतर. गुणोत्तराच्या नियमाशी हे जुळतंच: पेशी लहान, तर उंबरठा लवकर.

शेवटी, स्वतः डेटा हाताळणार असाल तर एक सावधगिरी. सीक्वेन्सिंगमध्ये एखाद्या जनुकाचा आरएनए वाढलेला दिसला की 'जनुक चालू झालं' असं लिहायचा मोह होतो. पण बऱ्याच मातृक एमआरएनएची पॉली-ए शेपटी फलनानंतर लांबते. तुम्ही पॉली-ए धरून आरएनए वेगळा केला असेल, तर जुनाच आरएनए जास्त प्रमाणात पकडला जातो आणि आलेख वर जातो, एकही नवा रेणू न बनता! म्हणून पूर्ण आरएनए मोजा, इंट्रॉनचे रीड्स बघा, आणि अल्फा-अ‍ॅमानिटिन दिलेलं कंट्रोल ठेवा. त्या कंट्रोलमध्येही वाढ दिसत असेल तर ती लिप्यंकनाची नाही.

यापुढे कुठल्याही पेपरात 'अमुक गोष्ट तमुक वेळी होते' असं वाचलंत, तर तीन प्रश्न विचारा. वेळ कशावर मोजली आहे: तासांवर, फेऱ्यांवर की गुणोत्तरावर? या गोष्टी वेगळ्या करणारा प्रयोग केला आहे का? आणि जे मोजलंय, ते खरंच तेच आहे का, ज्याबद्दल दावा केलाय? पीएचडीच्या मुलाखतीत तुमच्या प्रपोजलला हेच प्रश्न विचारले जातील, तेव्हा आधी तुम्हीच स्वतःला ते विचारून ठेवा.