दुर्बीण किती पटींची घ्यावी?

शाळेच्या निसर्गमंडळासाठी दुर्बीण घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न निघतो तो पटींचा. बहुतेकांना वाटते, जितक्या पटी जास्त तितकी दुर्बीण चांगली. पण पक्षिनिरीक्षणात मुरलेली माणसे ८ किंवा १० पटींच्या दुर्बिणीवर समाधानी असतात. असे का बरे?

दुर्बिणीवर ८×३०, २०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पटींचा. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा, अर्थात वस्तुभिंगाचा, मिलिमीटरमधला व्यास. ८० मीटरवरचा बगळा ८ पटींच्या दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखा दिसतो, तर २० पटींच्या दुर्बिणीतून ४ मीटरवर. मग २० पटींचीच का घेऊ नये? कारण पटी वाढल्या की त्याबरोबर तीन अडचणीही वाढतात.

पहिली अडचण थरथरीची. हात कितीही घट्ट धरले तरी ते किंचित हलतातच. दुर्बीण बगळा जितका मोठा करते, तितकीच ही थरथरही मोठी करते. साधारण १० पटींच्या पुढे चित्र इतके नाचू लागते, की पिसांवरचे बारीक ठिपके ओळखता येत नाहीत. २० पटींची दुर्बीण तिपाईवर ठेवूनच वापरावी लागते.

दुसरी अडचण दृष्टिक्षेत्राची. समजा, दुर्बिणीत डोळ्याला दिसणारे वर्तुळ ६० अंशांचे आहे. त्याला पटींनी भागले, की बाहेरचा प्रत्यक्ष किती भाग दिसतो ते ढोबळमानाने कळते. ८ पटींना हा भाग साडेसात अंश, तर २० पटींना केवळ ३ अंश. १०० मीटरवर १ अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. म्हणजे पहिल्या दुर्बिणीतून १३ मीटर रुंदीचा देखावा दिसेल, दुसरीतून जेमतेम ५ मीटरचा! फांद्यांतून भुर्रकन उडणारा पक्षी एवढ्याशा खिडकीत सापडणार कसा?

तिसरी अडचण प्रकाशाची. दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले पटी. ८×३० साठी ती पावणेचार मि.मी. येते, २०×५० साठी अडीच मि.मी. आणि ७×५० साठी सुमारे ७ मि.मी. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मि.मी. असते. तेव्हा अडीच मि.मी. ची शलाका पुरते. पण संध्याकाळी बाहुली ५ मि.मी. झाली, तर ती शलाका बाहुलीचा चौथा हिस्साच भरते आणि चित्र काळवंडते. गडद अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. पर्यंत मोठी होते; म्हणून रात्रीच्या कामाला ७×५० ही जोडी सोयीची. दिवसा मात्र तिचा जादा प्रकाश बाहुलीबाहेरच पडतो आणि गळ्यात उगाच ओझे होते.

तेव्हा दुर्बिणीची निवड जागा पाहून करावी. कर्नाळ्याच्या दाट झाडीत पक्षी जवळ, चपळ आणि सावलीत असतात. तेथे ७ किंवा ८ पटी उत्तम. भिगवणला उजनीच्या उघड्या पाण्यावर रोहित पक्षी दूर उभे असतात. तेथे १० पटी उपयोगी, आणि तिपाई असेल तर त्याहून जास्तही चालतील. एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर ८×३० ते ८×४२ यांतली घ्यावी.

करून पाहा: दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब धरून उजेडाच्या भिंतीकडे रोखा. मागच्या भिंगात एक लख्ख गोल ठिपका दिसेल. तीच ती प्रकाशशलाका. पट्टीने तिचा व्यास मोजा आणि वस्तुभिंगाच्या व्यासाला त्याने भागा. उत्तर अंदाजे पटींएवढे यायला हवे. दुर्बिणीवर ५०×५० कोरले आहे आणि ठिपका ५ मि.मी. चा भरतो आहे, तर पटी सुमारे १० च आहेत, हे पैसे देण्याआधीच समजेल!

मात्र दुर्बीण सूर्याकडे चुकूनही रोखू नका. क्षणभरही सूर्य दिसला, तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.