निंगुनेआर म्हणजे काय रे भाऊ?

दोस्तांनो, भांडण झालं की तुम्ही कट्टी करता. कट्टीचं एक बरं असतं. ती सांगून केली जाते आणि दोन दिवसांनी बट्टीही होते. पण न सांगता केलेली कट्टी? तुम्ही काही विचारलंत तर कुणी मान वर केली नाही. खेळाचे गडी वाटताना तुमचं नावच आलं नाही. कुणी मारलं नाही, चिडवलं नाही. मग बाईंकडे तक्रार तरी काय करणार?

या छळाला स्पॅनिश भाषेत एक नेमकं क्रियापद आहे: निंगुनेआर. 'निंगुनो' म्हणजे एकही नाही, कुणीच नाही. त्याला क्रियापदाचं शेपूट लावलं, की अर्थ झाला एखाद्याला 'कुणीच नाही' करून टाकणं! असे शब्द घडवायची त्या भाषेला हौसच आहे. आपल्या 'तू'ला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात (आहे की नाही गंमत!). त्यावरून झालं 'तुतेआर', म्हणजे आपलं अरेतुरे करणं.

तुच्छ लेखणं याला स्पॅनिशमध्ये दुसरा शब्द आहे, देस्प्रेसिआर. त्यात 'प्रेसिओ' म्हणजे किंमत दडलेली आहे. आपणही म्हणतोच, 'तो मला किंमत देत नाही.' पण नाक मुरडायचं तरी आधी समोरच्याकडे बघावं लागतं. निंगुनेआरमध्ये तेवढंही नाही. 'मे निंगुनेआन' असं कुणी म्हणालं, तर 'मी यांच्या खिजगणतीतच नाही' असं त्याला सांगायचं असतं.

हा शब्द रुजला मेक्सिकोत. तिथले कवी ऑक्टाव्हियो पाझ १९६२ ते १९६८ या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९५० सालच्या एका पुस्तकात त्यांनी या शब्दाबद्दल लिहिलं आहे. एका दुपारी त्यांना शेजारच्या खोलीत खुडबुड ऐकू आली. कोण आहे, म्हणून त्यांनी विचारलं. खेड्यातून नुकतीच कामाला आलेली बाई आतून म्हणाली, की कुणी नाही, मीच आहे. म्हणजे बघा, लोकांनी 'कुणीच नाही' ठरवलं, की माणूस स्वतःही तसंच म्हणायला लागतो! मला तर या शब्दातली हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

आता हा शब्द मेक्सिकोबाहेरही चालतो, स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही आहे. मराठीत जवळचा शब्दप्रयोग म्हणजे 'अनुल्लेखाने मारणे'. तो मोठ्यांच्या सभा-संमेलनांत ऐकू येतो. लहान मुलांकडे मात्र यासाठी शब्दच नसतो, म्हणून ती घरी काही सांगत नाहीत.

तेव्हा पालकहो, 'शाळेत काय झालं?' याला 'काही नाही' एवढंच उत्तर आलं, तर आज डबा कुणाबरोबर खाल्लास, तेही विचारून बघा.