नापसंतीची मुद्रा

तोंडाआधीं चेहरा बोलतो. तिटकाऱ्याची मुद्रा मुळांत नकोशा घांसाला नाकारण्याची, असें डार्विननें १८७२ च्या ग्रंथांत मांडलें. आपली भाषाहि तेंच सांगते: नकोसा पाहुणा आला, कीं आपण एरंडेल प्यायल्यासारखें तोंड करतों. इंग्रजी बोलींत अशा नजरेला ‘स्टिंक आय’, म्हणजे दुर्गंधीचा डोळा, म्हणतात. तेथेंहि आठवण वासाचीच.

मराठींत या मुद्रांच्या पायऱ्या आहेत. डोळे वटारतो तो अधिकारी. कपाळाला आठ्या घालतो तो नाराज. नाक मुरडतो तो मात्र स्वतःला वरचढ समजणारा.

गोंदिया जिल्ह्यांतील झाडीबोलींत ‘ळ’च्या जागीं ‘र’ येतो. डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. हा शब्द ऐकतांच शहरांतलें एखादें नाक मुरडतें. मूल तें पाहतें, आणि पुढच्या वेळीं आईचा शब्द गिळून टाकतें. बोलून केलेल्या अपमानाला उत्तर देतां येतें. मुरडलेल्या नाकाला काय उत्तर द्यावें? भाषा अशीहि मुकी होते, कोणी कांहीं न बोलतां. तेव्हां त्या मुलाचा डोरा आपल्याकडे लागला असतांना आपण नाक तेवढें सरळ ठेवावें.