कोथिंबीर साबणासारखी लागते? मग आधी प्रश्न तपासा

संशोधन प्रस्ताव लिहिताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रश्न ठरवण्यात. म्हणून आज उदाहरण घेऊ रोजच्या कोथिंबिरीचं.

आधी रसायनशास्त्र. काहीजणांना ताजी कोथिंबीर साबणासारखी लागते. पानांचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या संयुगांचा. त्याच गटातली संयुगं साबणात आणि पिकावरच्या काही ढेकणांच्या उग्र वासातही असतात. धण्यांचा वास वेगळा, कारण त्यात लिनालूल जास्त.

मग अभ्यास. २०१२ साली 'फ्लेव्हर' या नियतकालिकात याच विषयावर दोन शोधनिबंध आले. पहिला 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांचा. त्यांनी १४,६०४ जणांकडून 'साबणासारखी लागते का?' याचं उत्तर घेतलं आणि वेगळ्या ११,८५१ जणांकडून 'आवडते का?' याचं. ११व्या गुणसूत्रावर, वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या जनुकांजवळ, एक फरक सापडला. तिथलं ओआर६ए२ हे जनुक या अल्डिहाइडना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचं आहे.

यावरून 'कोथिंबीर न आवडण्याचं जनुक सापडलं' असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच निबंधानुसार आवडनिवडीतल्या फरकाचा अगदी थोडा भाग अनुवंशिकतेने समजतो. शिवाय हे सगळे सहभागी युरोपीय वंशाचे होते.

दुसरा निबंध कॅनडातल्या तरुणांचा. पूर्व आशियाई गटात २१ टक्के जणांना कोथिंबीर आवडत नव्हती, दक्षिण आशियाई गटात ७ टक्के. हे ७ टक्के उचलून 'भारतीयांचं प्रमाण' म्हणून प्रस्तावात टाकू नका. ते कॅनडात राहणाऱ्या विशीतल्या लोकांचं आहे.

आता महाड-पोलादपूरला चला. समजा, तुम्ही तिथे घरोघरी विचारलंत, 'कोथिंबीर आवडते का?' आणि तिघांनी 'नाही, आम्ही नाही घालत' असं सांगितलं. तिघांची कारणं वेगळी असू शकतात.

१. एकाला खरोखरच वास सहन होत नाही.

२. दुसऱ्याला तुम्ही भर पावसाळ्यात विचारलंत. कोकणच्या मुसळधार पावसात हे नाजूक पीक कुजतं, मग जुडी घाटावरून यायची. वरंधा किंवा आंबेनळी घाटात दरड आली की तीही अडते आणि महागते. त्याचं 'नाही' खिशातून आलंय.

३. तिसऱ्याला वर भुरभुरलेली कच्ची पानं नकोत, पण ओल्या नारळाबरोबर वाटलेली हिरवी चटणी तो आवडीने खातो. पानं वाटली की पेशी फुटतात आणि त्यातली विकरं अल्डिहाइडचं रूपांतर करू लागतात. शिजवल्यावरही वास उतरतो.

तुमच्या तक्त्यात मात्र तिघंही 'आवडत नाही' या एकाच रकान्यात बसतील. मग पुढे जनुकांची तपासणी कितीही महागडी करा, चुकीच्या रकान्याचं उत्तर चुकीचंच येणार.

मग करायचं काय? प्रश्न फोडायचा. वास कसा वाटतो, हे वेगळं विचारा. घरात किती वेळा वापरता, हे वेगळं. एकाच जुडीतली कच्ची आणि वाटलेली पानं, डोळे मिटून, हुंगायला द्या. सगळ्यांना एकाच हंगामात विचारा. आणि उत्तराला 'साबण' हा शब्द आधी तुम्ही सुचवू नका. समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या.

तुमच्या स्वतःच्या विषयातला मुख्य प्रश्न आत्ता कागदावर लिहा. 'नाही' असं उत्तर किती वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतं, ते त्याखाली मांडा. एकापेक्षा जास्त कारणं निघाली, तर गाइडकडे जाण्याआधी तो प्रश्न पुन्हा लिहा.