गोंदण पुसायचं नाही

सकाळी ६.२०

वैनगंगेचा काठ. पलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. अलीकडे आमचं देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. कागदावर काहीही असो, आम्ही वडसाच म्हणतो. जानेवारीची थंडी आहे आणि सूर्य यायला अजून वेळ आहे. सोबत दोघं शिकाऊ. एक ब्रह्मपुरीच्या शिक्षिका, त्यांचा कॅमेरा नवा. दुसरा इथलाच पोरगा, बँकेत नोकरी करणारा आणि सगळं मोबाइलवरच काढणारा. इतक्या पहाटे का, असं तो कुरकुरत विचारतो.

आमचा काठ पूर्वेचा. पाठीमागे नदी हवी असेल तर माणसाचं तोंड पूर्वेला येतं. सूर्य वर आला की ऊन सरळ डोळ्यांत, मग कपाळाला आठ्या आणि डोळे बारीक. सूर्याआधी मात्र पूर्वेचं अख्खं आभाळ उजळलेलं असतं, त्याची सावली कडक पडत नाही. हातात वीसेक मिनिटं असतात, तेवढी पुरतात.

पोरगा मॅडमच्या तोंडाजवळ दोन फुटांवर मोबाइल धरतो. नाक मोठं येतं, कान मागे पळतात. “मागे सर. सहा-सात फूट सर, मग टू-एक्स कर.” तो सरतो आणि चेहरा जागेवर येतो. मॅडमचा घोटाळा वेगळा. पन्नासची लेन्स घेतल्यापासून त्यांना ती १.८ वर उघडूनच ठेवायची असते, कारण मागचं धूसर होतं. मान जरा वळलेली असली की त्यात एक डोळा स्पष्ट येतो आणि दुसरा विरघळतो. “मॅडम, चारवर या. नदी काही कुठे जात नाही, ती धूसर राहतेच.”

सकाळी ९.३०

माझं फोटोचं दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक पोलीस भरतीवालं, दुसरं बँकेच्या परीक्षेचं. त्या फॉर्मला फोटोची फाइल २० ते ५० केबीतच लागते, त्यामुळे अर्धा वेळ फाइल लहान करण्यात जातो.

पासपोर्ट फोटोला लोक हलकं काम समजतात. मला विचाराल तर पोर्ट्रेट शिकायची जागा हीच. समोर सावळा चेहरा, मागे पांढरा पडदा, आणि कॅमेऱ्याचं मीटर असं बनवलेलं की जे दिसेल त्याची सरासरी त्याला मधल्या करड्या रंगाची करायची असते. पांढरा पडदा पाहून तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग हौशी माणूस घरी मोबाइलमध्ये चेहरा उजळवत बसतो आणि कातडीवर राखी, दाणेदार थर चढतो. उपाय आधीच करायचा असतो. उजेड चेहऱ्यावरून मोजा, पडद्यावरून नाही. तसं जमत नसेल तर अख्ख्या चौकटीवरून मीटर सांगतं त्याच्या दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर जा. माणूस पडद्यापासून चार फूट पुढे बसवा, म्हणजे सावली खाली जमिनीवर पडते, कानामागे चिकटत नाही. आणि मांडीवर थर्माकोलची शीट. टीव्हीच्या खोक्यातून निघालेली असली तरी चालते. हनुवटीखालचा आणि डोळ्यांच्या खोबणीतला काळोख ती फुकटात घालवते.

हे आमच्याच कॅमेऱ्यांचं दुखणं आहे असं नाही. रीळ होती तेव्हा लॅबवाले रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं कार्ड वापरत, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या संशोधक बाईंनी २००९ साली त्यावर लेख लिहिला. कोडॅकने तपकिरी छटा सुधारायला घेतल्या त्यामागे चॉकलेटवाल्यांची आणि लाकडी फर्निचरवाल्यांची तक्रार होती, असं त्यांना कोडॅकच्याच जुन्या माणसांनी सांगितलं. लाकडाच्या जाती सारख्याच दिसतात, ही ती तक्रार. आलापल्लीच्या सागाच्या जिल्ह्यात बसून हे वाचलं तेव्हा हसावं की चिडावं कळेना. आमच्या चेहऱ्यांआधी कपाटाची दाद लागली होती.

दुपारी १२

बाजाराचा दिवस आहे. मॅडमना बाजारात फोटो काढायचे आहेत. या वेळेला मी नकोच म्हणते. डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या जागी दोन खड्डे करतं. त्या झाडाखाली जातात. जंगलाच्या जिल्ह्यातला हा नेहमीचा सापळा. पानांतून कवडसे पडून गालावर पांढरे चट्टे उठतात, आणि पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, तो कातडीवर चढतो. डोळ्याला कळत नाही, स्क्रीनवर कळतं, आणि नंतर काढता काढता माणूस जांभळा होतो. त्यापेक्षा कुणाची ओसरी शोधा. छपराच्या कडेला, सावलीतच, तोंड बाहेर करून बसवा. समोरच्या आंगणातलं ऊन जमिनीवरून उसळून चेहऱ्यावर येतं. भिंत चुन्याची असेल तर आणखी बरं.

आणि विचारल्याशिवाय काढू नका. मोठ्या शहरांतून मोठ्या लेन्सा घेऊन भामरागडकडे जाणारे लोक वडशावरून जातात. परत येताना ‘काय चेहरे आहेत हो तिकडे’ म्हणतात. कुणाचे, ते सांगता येत नाही. नाव विचारलेलं नसतं. अर्व्हिंग पेन हा अमेरिकेचा नामांकित छायाचित्रकार १९४८ च्या डिसेंबरात पेरू देशातल्या कुस्को गावी गेला, तिथल्या फोटोवाल्याचा स्टुडिओ त्याने काही दिवस भाड्याने घेतला, आणि फोटो काढून घ्यायला आलेल्या लोकांना उलट त्यानेच पैसे दिले. चित्रं आजही पाहिली जातात. व्यवहार मला चित्रांइतकाच आवडतो.

दुपारी १.३०

पोरगा आजीला घेऊन आला. कोरचीकडच्या गावावरून, एसटीने. त्यांच्या घरी आजोबांचा हार घातलेला फोटो आहे, तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. इकडच्या कितीतरी घरांत असंच आहे. माणूस सत्तर वर्षं जगतो आणि भिंतीवर उरतो तो सरकारी कॅमेऱ्यापुढे दचकलेला चेहरा. म्हणून आजीचा फोटो वेळेत काढायचा, हे पोराच्या मनाने घेतलं. आजीलाही ते कळलेलं आहे.

“जित्तीच भितीवर टांगतेस का गा मले?” ती त्याला विचारते, आणि स्वतःच हसते.

माझ्या दुकानात सगळ्यात मोलाची वस्तू उत्तरेकडची खिडकी. तिच्यातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. पोराला म्हटलं, आधी ट्यूबलाइट बंद कर. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की एक गाल निळा आणि एक हिरवट, मग ते कोणत्याच ॲपने निघत नाही. आजीची खुर्ची खिडकीपासून तीन फुटांवर, थोडी तिरपी. आता कॅमेरा बाजूला ठेव आणि नाकाची सावली बघ. सावली ओठाच्या कोपऱ्याकडे उतरली पाहिजे, पण पलीकडच्या गालावर उजेडाचा लहानसा तुकडा राहिला पाहिजे. तो तुकडा गेला तर खुर्ची खिडकीकडे वळव. मग डोळे बघ. दोन्ही बुबुळांत खिडकी दिसते का? दिसत नसेल तर हनुवटी जरा वर. डोळ्यात चमक नसली की पुढचं सगळं वाया.

सावळ्या चेहऱ्याला नुसता भरपूर उजेड देऊन चालत नाही. गालफडावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर जी चमक उठते, तिच्यातून चेहऱ्याचा आकार कळतो. म्हणून मी पावडर लावत नाही. खोबरेल तेल जास्त झालं असेल तर रुमालाने टिपते, सगळं पुसत नाही. उजेडाचा पृष्ठभाग मोठा ठेवला की ती चमक पसरट येते. उघडा बल्ब लावला की तीच डागासारखी दिसते.

बसवण्याचं म्हणाल, तर म्हाताऱ्या माणसाला ‘असे बसा, तसे बसा’ सांगितलं की ते आधार केंद्रात पोचतात. मी समोर स्टूलावर बसून स्वतः तसं करते. मी खांदा वळवला की त्यांचा वळतो. मी मान जरा पुढे काढली की तेही काढतात, आणि गळ्याखालची घडी ताणली जाते. हातांचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. आजीला मी तिच्याच पदराचं टोक दिलं. बोटं आपोआप त्यात गुंतली. मग शेतीचं विचारलं. रानडुकरांनी धानाची काय नासाडी केली ते ती सांगू लागली, आणि सांगून झाल्यावर जो श्वास सोडला त्या क्षणी मी बटण दाबलं. हसा म्हणायची गरज पडत नाही.

पोरानेही मोबाइलवर एक काढला होता. त्याने आजीला दाखवला. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“हे कोन बाई हाये?”

“तूच हायेस ना आजी.”

“मंग माजं गोंदन कोठी गेलं गा?”

कपाळावरचे आणि हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके मोबाइलच्या ब्यूटी मोडने पुसून टाकले होते. त्याला गोंदण कळत नाही. कातडीवर लहान, गडद काही दिसलं की तो डाग समजतो आणि शेजारची कातडी त्यावर ओढतो. आजीने पोराला सांगितलं की सोनंनाणं इथंच काढून घेतात, वर संग येते ते गोंदनच. तो गप्प झाला. मी त्याला सेटिंगमध्ये जाऊन तो मोड कुठे बंद करायचा ते दाखवलं. तुम्हीही आत्ता पाहून घ्या, बहुतेक फोनमध्ये तो आपला आपण चालू असतो.

दुपारी ४

नाटक कंपनीची माणसं आली. दिवाळीनंतर होळीपर्यंत आमच्या या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, त्या रात्री गावात नाटक असतंच. बहुतेक कंपन्यांची कार्यालयं वडशात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना ही रंगभूमी कळली; आमचा तर अर्धा हंगाम तिच्यावर चालतो.

माझं काम पोस्टरचं. एका फ्लेक्सवर दहा-बारा चेहरे लागतात: नायक, नायिका, खलनायक, विनोदवीर, लावणीवाली. पूर्वी प्रत्येक जण आपापला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. एकाला डावीकडून ऊन, दुसऱ्याला बाथरूमचा बल्ब, तिसरी वरून काढलेली सेल्फी. सगळे कापून एकत्र लावले की पोस्टर ठिगळाच्या गोधडीसारखं दिसे. लोक त्याला फोटोशॉपचा दोष म्हणत. तो उजेडाचा दोष होता. आता मी जमिनीवर चिकटपट्टीने खूण केली आहे. प्रत्येकाने तिथेच उभं राहायचं, मोठा दिवा सगळ्यांना डावीकडूनच, कॅमेरा सगळ्यांना डोळ्यांच्या उंचीवर. फक्त खलनायकाला दिवा थोडा खाली घेते, सावल्या वर चढतात. विनोदवीराला सपाट उजेड. त्याच्या चेहऱ्यावर काही लपलेलं चालत नाही. बाकी कापाकापीत मग फार काही उरत नाही.

नायिकेचं काम करणारी बाई टेबलावरचं छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक चाळत बसली होती. “ताई, मले असंच काढून द्या ना.” मी तिला रंगवलेल्या चेहऱ्यानिशी एक काढला आणि नंतर तोंड धुवायला लावून खिडकीत दुसरा. पहिला फ्लेक्सवर जाईल. दुसरा तिने लगेच आईला पाठवला.

उभं राहायला नटांना शिकवावं लागत नाही. त्यांची अडचण उलटी असते, ते शेवटच्या रांगेसाठी चेहरा करतात. कॅमेरा सहा फुटांवर आहे हे पटायला वेळ लागतो.

सायंकाळी ७

संगणकावर. आज एका मुलीचा बायोडाटाचा फोटो आहे, स्थळासाठी. आईचा निरोप: ‘थोडं उजळ करा.’ दोन दिवसांपूर्वी समोर बसून त्या म्हणाल्या होत्या, “ताई, दोन बोटं गोरी करा बस.”

रिटचिंगचा माझा कायदा साधा आहे, तो या धंद्यात जुनाच आहे. पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट काढायची: पुटकुळी, ओरखडा, डासाचा चावा. पंधरा दिवसांनंतरही राहणारी ठेवायची: तीळ, वण, देवीचे व्रण, गोंदण. डोळ्यांखालचा काळेपणा निम्मा उतरवायचा, सगळा नाही. जे काही कराल ते वेगळ्या लेयरवर करा आणि शेवटी त्याची तीव्रता अर्ध्यावर आणा; रात्री योग्य वाटलेलं सकाळी नेहमी जास्त वाटतं. कातडी गुळगुळीत करणारी पट्टी ओढूच नका. वडिलांच्या वेळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हेच काम होत असे, ताठ बसून, भिंगातून. ते इतकं किचकट होतं की माणूस गरजेपुरतंच करी. आता एका बोटात सगळा चेहरा निघून जातो.

रंग मी बदलत नाही. आईंना फोन केला. मुलगी काळवंडली होती ती मांडवातल्या फोटोत, वरच्या पिवळ्या दिव्यांमुळे. माझ्या फोटोत तिचा खरा रंग आहे आणि ती छान दिसते आहे, एकदा येऊन मोठ्या पडद्यावर बघा, असं सांगितलं. मनात मात्र दुसरंच होतं: गोरा फोटो पाहून जो येईल तो दारात मुलगी पाहून काय म्हणेल, याचा विचार आईने करायचा की फोटोवालीने? त्या उद्या येतो म्हणाल्या. न आल्या तर समोरच्या मोबाइलवाल्याकडे जातील, तिथे पाच मिनिटांत करून मिळतं.

रात्री ९.१५

प्रिंटर गरम आहे. स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणून आजीचा फोटो आधी चार बाय सहावर काढून पाहिला, कारण पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर तयार केलेला फोटो कागदावर हमखास काळा निघतो. बरोबर आला. मग आठ बाय बारा काढला. पोरगा उद्या घेऊन जाईल.

तुमच्याकडे चांगला फोन असेल आणि घरात कुणी म्हातारं असेल, तर या रविवारी एवढं करा. ट्यूबलाइट बंद करा, खुर्ची खिडकीजवळ ओढा, ब्यूटी मोड काढा, सहा फूट मागे सरा आणि त्यांना शेतीचं किंवा माहेरचं काही विचारा. आणि प्रिंट काढून त्यांच्याच हातात द्या. माझ्या दुकानात चार बाय सहाचे पंधरा रुपये पडतात.